संकटात ख्रिस्ती श्रद्धा टिकते कशी? शरणपूर, टिळक दांपत्य आणि पंडिता रमाबाईंची गोष्ट

दिंडोरी तालुक्यात फेब्रुवारी-मार्चच्या रात्री ढग गडगडायला लागले की अख्ख्या गावाची झोप उडते. द्राक्षं काढणीला आलेली असतात, व्यापाऱ्याशी बोलणं झालेलं असतं आणि गारपीट दहा मिनिटांत सगळा हिशोब मोडून जाते. दुसऱ्या दिवशी कुणी सप्तशृंगीला हात जोडतं, कुणी स्वामींच्या केंद्रात जाऊन बसतं, कुणी दर्ग्यावर जातं, कुणी घरातल्या घरात बायबल उघडतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो. देव आहे, तर मग हे का?

या प्रश्नाला प्रत्येक धर्मानं आपापलं उत्तर दिलंय. आज त्यातलं एक समजून घेऊ, ख्रिस्ती धर्माचं. त्याला कारणं दोन. एक म्हणजे या धर्माच्या मध्यभागीच एक छळ होऊन मेलेला माणूस आहे, त्यामुळे दुःखाचा विषय त्यांना टाळताच येत नाही. आणि दुसरं म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाच्या काही जबरदस्त गोष्टी आपल्या नाशिकशी जोडलेल्या आहेत आणि त्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नाहीत. ख्रिस्ती म्हटलं की आपल्याला गोवा आठवतं, वसई आठवते, वांद्रे आठवतं. नाशिक आणि नगर पटकन डोळ्यांसमोर येत नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास होती. म्हणजे शंभरात एकापेक्षाही थोडी कमी.

आधी बायबल काय म्हणतं ते पाहू

सोशल मीडियावर तुम्हाला एक प्रकारचे व्हिडिओ हमखास दिसले असतील. "प्रार्थना करा, कर्ज फिटेल, आजार पळेल, व्हिसा मिळेल." हे पाहून अनेकांना वाटतं की ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे देवाशी केलेला सौदा. पण बायबल स्वतः वाचायला घेतलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसाचं एक अख्खं पुस्तक आहे. ईयोब सज्जन, श्रीमंत, देवभीरू. एकामागून एक संकटं येतात. गुरंढोरं जातात, दहाच्या दहा मुलं मरतात, अंगभर फोड येतात. त्याला भेटायला तीन मित्र येतात आणि सांगतात, बाबा, तुझं काहीतरी पाप असणार, उगीच कुणावर असं येत नाही. आपल्याकडे नाही का, कुणाच्या घरी लागोपाठ दोन वाईट गोष्टी झाल्या की शेजारी कुजबुजतात, "काहीतरी असेल बुवा," तसंच. ईयोब मात्र ऐकत नाही. तो देवाशी थेट भांडतो, जाब विचारतो. आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. भांडणारा ईयोब खरं बोलला, शहाणपणा शिकवणारे मित्र चुकले, असा निकाल लागतो.

स्तोत्रसंहिता हे बायबलमधलं गाण्यांचं पुस्तक. त्यात १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश सरळसरळ रडगाणी आहेत. रडगाणी हा शब्द इथे टिंगल म्हणून वापरलेला नाही, त्यांना विलापाची स्तोत्रंच म्हणतात. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात. पण ८८ वं स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच सुरू होतं आणि अंधारातच संपतं. तरीही ते पुस्तकातून कुणी काढून टाकलं नाही. हजारो वर्षं ते प्रार्थना म्हणूनच वाचलं जातंय.

पौलाची गोष्ट तर त्या "प्रार्थना करा, लगेच मिळेल" वाल्या व्हिडिओंच्या बरोब्बर उलटी आहे. शरीरातली एक पीडा जावी म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, असं तो करिंथच्या मंडळीला लिहितो. पीडा गेली नाही. ती सोसायचं बळ मिळेल, एवढंच उत्तर आलं.

आणि खुद्द येशू? अटक झाली त्याच रात्री, अटकेच्या थोडं आधी, गेथशेमानेच्या बागेत तो हा त्रास टळावा अशी प्रार्थना करतो. टळत नाही. वधस्तंभावर तर तो देवानं आपल्याला का टाकलं असं ओरडतो. ते शब्द २२ व्या स्तोत्राच्या सुरुवातीचे आहेत. म्हणजे मरतानासुद्धा त्याच्या तोंडात जुन्या विलापाचे शब्द होते.

यातून एक गोष्ट पक्की होते. ख्रिस्ती परंपरेत तक्रार करणं हे श्रद्धा सुटल्याचं लक्षण मानलेलं नाही. तक्रार देवाकडेच चालू आहे, तोवर नातं चालू आहे.

शरणपूर: रस्त्याच्या नावात लपलेलं गाव

दिंडोरीहून नाशिकला आलेल्या माणसाला शरणपूर रोड माहीत असतोच. कॅनडा कॉर्नर, दवाखाने, क्लासेस, कपड्यांची दुकानं. पण हे शरणपूर म्हणजे काय, असं मी कॉलेजात असताना दहा जणांना विचारलं असतं तर दहाही जणांनी खांदे उडवले असते.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या संस्थेनं १८३२ मध्ये नाशिकला काम सुरू केलं. त्या काळी कुणी ख्रिस्ती झालं की घर तुटायचं, विहीर बंद व्हायची, धंदा बसायचा. १८५० साली ब्रिटिश सरकारनं जातिबहिष्कारामुळे वारसाहक्क जाणार नाही असा कायदा केला खरा, पण कायद्यानं विहिरीवर पाणी मिळत नाही. म्हणून १८५० च्या दशकात रेव्हरंड विल्यम प्राइस यांच्या पुढाकारानं नाशिकच्या कुशीत एक वेगळी वस्ती उभी राहिली. शरण आलेल्यांचं गाव, शरणपूर. चर्च, शाळा, कारखाना, शेती असं सगळं तिथेच.

या शरणपुरात राहायला आलेली सगळ्यात अनपेक्षित माणसं होती आफ्रिकेतली मुलं. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवून जहाजात कोंबलेली ही मुलं इंग्रजांच्या नौदलानं समुद्रात सोडवली आणि मुंबई बंदरात उतरवली. त्यातली बरीच नाशिकला पाठवली गेली. इथे ती सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली, लिहायला-वाचायला शिकली. इतिहासात त्यांना "नाशिक बॉइज" किंवा "बॉम्बे आफ्रिकन्स" म्हणतात.

जगप्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईला आला, तेव्हा याच शाळेतली नऊ मुलं त्याच्या मोहिमेसाठी निघाली. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीला जी माणसं गेली, त्यातही नाशिकचे तरुण होते. जेकब वेनराइट हा त्यांच्यातला एक. १ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. बरोबरच्या आफ्रिकन माणसांनी त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली ती जेकबनं आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं तेही त्यानंच. मग देह वाळवून, गुंडाळून, हजार मैलांहून जास्त अंतर पायी तुडवत ही मंडळी किनाऱ्यावर पोहोचली. वाटेत आजार होते, उपासमार होती, हल्ले होते. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये जेकब वेनराइट होता. नाशिकच्या शाळेत वाढलेला मुलगा.

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. ज्यांचं गाव, आई-बाप, भाषा, इतकंच काय नावसुद्धा हिरावलं गेलं, त्यांना मिळालेला नवा धर्म त्यांनी निवडला होता की तो त्यांच्या वाट्याला आला होता? लहानपणी तरी निवड फारशी नव्हती, हे मान्य करायला हवं. पण मोठेपणी काहींनी त्याच श्रद्धेतून स्वतःचा रस्ता काढला. विल्यम जोन्स हा असाच गुलामगिरीतून सुटून नाशिकला वाढलेला. तो मोंबासाजवळच्या राबाई इथे धर्मगुरू झाला आणि मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना त्याच्या ठाण्यावर आसरा मिळत राहिला. शरणपुरात मिळालेला आसरा त्यानं तिकडे नेऊन वाटला, असं म्हणता येईल.

१८७४-७५ मध्ये प्राइस साहेबांबरोबर बरेच आफ्रिकन मोंबासाला परतले. तिथे फ्रीअरटाउन नावाची वस्ती वसली. नाशिकचं शरणपूर त्यानंतर हळूहळू ओसरलं आणि शेवटी रस्त्याचं नाव होऊन राहिलं.

टिळक दांपत्य: नवरा गेला, पण जिवंत

आता येऊ नाशिकच्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीकडे.

लक्ष्मीबाई टिळक मूळच्या गोखल्यांच्या, माहेरचं नाव मनकर्णिका. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. घरात सोवळं इतकं कडक, की वडिलांच्या सोवळ्यापायी अख्खं घर वेठीला धरलेलं असायचं. १८८० मध्ये अकराव्या वर्षी त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक कवी, विद्वान, आणि एका जागी न टिकणारे. नोकरी धर, सोड, न सांगता निघून जा, परत ये. सुरुवातीची मुलं लहानपणीच गेली. म्हणजे "संकट" हा शब्द या घराला धर्मांतराच्या कितीतरी आधी ओळखीचा होता.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत टिळकांना एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, त्यानं नवा करार हातात दिला आणि वाचत राहायला सांगितलं. टिळक वाचत गेले. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला न सांगता.

हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहिलंय. टिळकांच्या श्रद्धेबद्दल आदर बाळगूनही हे सांगायला हवं की त्यांच्या निर्णयाची किंमत सगळ्यात आधी लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी मेल्यात जमा. पदरात लहान मुलगा दत्तू. बहीण आणि मेहुण्यांच्या आधारानं त्या पंढरपुरात राहिल्या. लोक सांत्वनाला यायचे की तमाशा बघायला, ते कळायचं नाही. याच काळात, जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या या बाईनं दुःखात स्वतःच्या कविता रचायला सुरुवात केली. ईयोब आणि स्तोत्रकर्ते जे करतात तेच, फक्त बायबल न वाचता.

दुसऱ्या बाजूला टिळकांची परीक्षा चालू होती. १८६६ च्या कायद्यानं अशी सोय होती की ख्रिस्ती झालेल्या माणसाबरोबर जोडीदार धर्माच्या कारणानं राहायला तयार नसेल, तर कोर्टातून लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रं लिहीत राहिले, पैसे पाठवत राहिले, वाट बघत राहिले. साधारण पाच वर्षं.

शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या. पण ख्रिस्ती व्हायला नव्हे, संसार करायला. आधी वेगळं बिऱ्हाड, वेगळी चूल, वेगळं पाणी. सोवळं तसंच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग हळूहळू, एकेक पायरी करत, जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांच्या मनात पिकत गेला. उत्तर सापडलं तेव्हा त्यांनी आधी स्पृश्यास्पृश्य सोडलं आणि मग १९०० च्या सुमारास बाप्तिस्मा घेतला. हा क्रम लक्षात घ्या. आधी माणसं जवळ केली, मग धर्म.

पुढचं आयुष्य सुखाचं झालं असं समजू नका. दुष्काळ, प्लेग, घरात गोळा झालेली अनाथ पोरं, आणि हातात पैसा टिकू न देणारा नवरा. टिळकांना दारात आलेल्या माणसाला काहीतरी देऊन टाकायची इतकी सवय की घरातली वस्तू घरात राहील याची खात्री नसायची. १९०४ मध्ये ते पाळक झाले, १९१२ पासून "ज्ञानोदय"चा मराठी विभाग सांभाळू लागले. आणि १९१७ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला. परदेशी पैशावर चालणारं चर्च आपल्या मातीतलं होणार नाही, हे त्यांचं म्हणणं. तत्त्व म्हणून भारीच, पण महिन्याच्या एक तारखेला घरात काय झालं असेल याचा विचार करा.

९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीत, हातात फारसं काही नाही. मुलींच्या वसतिगृहात नोकरी केली, काही काळ कराचीत राहिल्या आणि शेवटी नाशिकला आल्या. इथे असताना त्यांच्या आठवणी मुलगा देवदत्त यांच्या "संजीवनी" साप्ताहिकात छापून येऊ लागल्या. १९३४ पासून त्या पुस्तकरूपानं आल्या. तेच "स्मृतिचित्रे". मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र कोणतं, या वादात आजही हे नाव पहिल्या दोनात असतं. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकलाच त्यांचं निधन झालं.

हे पुस्तक श्रद्धेबद्दल असूनही त्यात प्रवचन जवळजवळ नाही. उलट हसू येतं. स्वतःच्या फजित्या, नवऱ्याचा विसराळूपणा, सोवळ्याच्या गमती. एवढं सोसलेल्या बाईच्या लिखाणात कडवटपणा का नाही, याचं उत्तर वाचकांनी आपापलं शोधावं. माझं उत्तर असं, की त्यांनी देवाला कधी संसारापेक्षा लांब ठेवलं नाही. भांडण नवऱ्याशी, गाऱ्हाणं देवाशी, आणि दोघांवर जीव.

टिळकांनी येशूच्या जीवनावर "ख्रिस्तायन" हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. ते अपुरं राहिलं. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.

रमाबाई: सगळ्यांशी भांडून टिकलेली श्रद्धा

पंडिता रमाबाईंच्या नावावरच्या मृत्यूंची यादीच अंगावर येते. जन्म २३ एप्रिल १८५८. १८७४ च्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई, मग मोठी बहीण. भाऊ श्रीनिवासबरोबर पायी भारत पालथा घालत त्या कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला. पोटची मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. वय चोवीसच्या आत.

आता गंमत बघा. एवढं होऊन माणूस एक तर देव सोडून देतो, नाहीतर मिळेल त्या खांद्यावर मान टाकतो. रमाबाईंनी दोन्ही केलं नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या नन्स आणि पाद्र्यांशी वाद सुरू केले. त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न, चर्चच्या अधिकारावर प्रश्न, इतकंच काय अंडं घातलेल्या गोड पदार्थावरही प्रश्न, कारण त्या शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान देणार नाही, हा त्यांचा सूर पत्रांमधून स्पष्ट ऐकू येतो.

इकडे आल्यावर मार दोन्हीकडून. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं. १८९३ मध्ये तिथल्या एका मुलीनं ख्रिस्ती व्हायचं ठरवल्यावर वादळ उठलं. रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी झोडपलं. हिंदू समाजाला त्या फितूर वाटत होत्या आणि चर्चमधल्या काहींना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या.

यावर त्यांनी केलं काय? १८९६-९७ चा दुष्काळ पडला तशा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. आपली आई अशाच दुष्काळात कशी गेली हे त्यांना आठवत असणारच. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुली ठेवणं अशक्य झालं, म्हणून दौंडच्या अलीकडे केडगावला शेतात मुक्काम हलवला. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, छपाई, शेती, दुग्धशाळा असं सगळं बायका चालवत होत्या.

म्हणजे रमाबाईंची श्रद्धा टिकली ती डोळे मिटून बसल्यामुळे नव्हे. त्यांना रोज सकाळी उठून हजारभर ताटांची सोय लावायची होती. दुःखाला काम दिलं की ते मुठीत राहतं, हे आपल्या आज्ज्यांनाही माहीत होतं.

शेवटची परीक्षा सगळ्यात कठीण. कान साथ देत नव्हते, तब्येत ढासळली होती, आणि मनोरमा पुढचं काम सांभाळेल अशी आशा होती. २४ जुलै १९२१ ला मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना कळेल असं. ते काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये छापून आलं.

रोजच्या जगण्यात हे कसं चालतं?

मोठ्या माणसांच्या गोष्टी झाल्या. साध्या ख्रिस्ती घरात संकट येतं तेव्हा काय होतं?

सगळ्यात आधी माणसं येतात. पाळक किंवा फादर, मंडळीतले लोक. घरात प्रार्थनासभा होते, बायबलमधला उतारा वाचला जातो, गाणी म्हटली जातात. मराठी चर्चमधलं "उपासना संगीत" हे गीतांचं पुस्तक घराघरांत असतं आणि त्यात टिळकांची गीतं भरपूर आहेत. आधीच्या अनेक गाण्यांना इंग्रजी चालींचा मराठी अंगरखा होता. टिळकांनी अभंग आणता आणता ओवीही आणली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगायचे. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी तर त्यांच्याही आधी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. दुःखात माणसाला परकी चाल जवळची वाटत नाही. अंत्यविधीला टाळ-पेटीवर म्हटलेलं गीत ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरं म्हणजे कॅलेंडर. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपासकाळाचे ४० दिवस, त्यातच उत्तम शुक्रवार. त्या दिवशी दुपारी अनेक चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर चिंतन होतं. कॅथलिक मंडळी २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन मेणबत्त्या लावतात. म्हणजे रडायला वर्षातले काही दिवस राखूनच ठेवलेले आहेत. ज्याच्या घरी यंदा कुणी गेलंय, त्याला त्या दिवशी एकट्यानं रडावं लागत नाही.

दिंडोरी, पेठ, सुरगाण्यात प्रश्न थोडा वेगळा

दिंडोरीपासून पेठ, सुरगाणा, कळवणपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबं आहेत. इथे संकट फक्त आजाराचं किंवा पावसाचं नसतं. "तू अजून आमच्यातला आहेस का?" हा प्रश्नही संकटच असतो.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात. राज्यघटनेच्या कलम २५ नं धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलंय. पण प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. म्हणजे कोकणा किंवा महादेव कोळी माणूस ख्रिस्ती झाला म्हणून केवळ त्या कारणानं त्याचा एसटी दर्जा जात नाही. तो काढून घ्यावा, अशी "डीलिस्टिंग"ची मागणी मात्र काही संघटना जोरात करतात.

अनुसूचित जातींचं गणित उलटं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. या प्रश्नावर अभ्यासासाठी केंद्रानं २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

याचा श्रद्धेशी संबंध काय? दलित ख्रिस्ती माणसाला मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना स्वतःच्या देवाबद्दल गप्प बसायचा मोह होतो. काही जण कागदावर एक आणि रविवारी दुसरं, असं आयुष्य काढतात. त्याला ढोंग म्हणणं सोपं आहे, पण मग त्या फॉर्मवर धर्माचा रकाना का आहे, हेही विचारा.

आणि श्रद्धा डळमळली तर?

डळमळते. ईयोबाचीही डळमळली होती. "तुझा विश्वास कमी पडला म्हणून मूल बरं झालं नाही" असं कुणी तोंडावर म्हणालं, तर ते त्या तीन मित्रांचं वाक्य आहे आणि बायबलनंच ते चूक ठरवलंय, एवढं लक्षात ठेवा. प्रार्थना आणि औषध यांतलं एकच निवडायला सांगणाऱ्यापासून तर लांबच राहा. रमाबाईंच्या मुक्तीमध्ये प्रार्थनाही होती आणि दवाखानाही. मन फारच खचलं असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं असेल तर

शरणपूर रोडवर संत आंद्रिया चर्च आहे, जुन्या मिशनच्या काळाची आठवण सांगणारं. केडगाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे आणि रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे अजून चालू आहे. "स्मृतिचित्रे" कुठल्याही बऱ्या वाचनालयात मिळतं. इंग्रजीत हवं असेल तर शांता गोखल्यांचं २०१७ मधलं भाषांतर आहे.

आणि दरवर्षी फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. देशभरातून लाखो लोक येतात. हातात मेणबत्ती, मनात नवस, रांगेत कुणाचा मुलगा आजारी, कुणाला मूल हवंय, कुणाची नोकरी गेलेली. त्या रांगेत ख्रिस्ती जितके असतात तितकेच बाकीचेही दिसतात. नेमके ते दिवस दिंडोरीत द्राक्षं काढणीला आलेली असतात, त्यामुळे आमच्याकडचे बरेच जण जाऊन लगेच संध्याकाळच्या गाडीनं परततात.